केळ कोणाच्या वाट्याचं? वऱ्हाडातल्या एका फळाची गोष्ट



आज बोलायला सुरुवात करण्याआधी एक प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या. या आठवड्यात तुम्ही स्वतःसाठी म्हणून एक तरी केळ खाल्लं का? देवापुढे ठेवलेलं धरू नका. उपासाचं धरू नका. पाहुण्याला दिलेलं, दवाखान्यात कोणाला भेटायला जाताना नेलेलं, तेही सोडा. भूक लागली, थकवा आला, म्हणून हात पुढे करून उचललेलं केळ. किती जणींनी खाल्लं?

हा प्रश्न मी आमच्या गटात विचारला तेव्हा बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "ताई, केयं काय आपल्यासाठी आणतात का?" आजची गोष्ट त्या हसण्याची आहे. केळ खाल्ल्यानं काय फायदा होतो हे सांगणारच आहे, पण आधी हे फळ आपल्या भागात कसं वाढलं आणि कोणाच्या वाट्याला आलं ते पाहू. कारण खाल्लंच नाही तर फायदा कुठला?

माझी आजी अंजनगावच्या बाजूची. तिच्या घरामागे मोरीचं पाणी जायचं, त्या पाण्यावर केळीचं एक बेट होतं. वेगळं पाणी द्यावं लागत नसे. घड तयार झाला की तो उतरवून अंधाऱ्या खोलीत ठेवायचा. पिकला की पहिली फणी देवाला, दुसरी भाऊबंदांकडे, मग घरातली पुरुष माणसं, मग पोरं. बायांच्या वाट्याला यायची ती घडाच्या टोकाची बारकी केळी, नाहीतर काळी पडलेली. आणि घरात बाळंतीण असली तर तिला तीही नाही. आजी म्हणायची, "केयं थंडं असते माय, बायंतिणीले देऊ नोका." जोडकेळ दिसलं की ते नव्या सुनेपासून लपवायचं, का तर जुळं होतं म्हणे! आजी वाईट नव्हती. तिला तिच्या सासूनं जे सांगितलं ते तिनं पुढे सांगितलं.

आता जरा मागे जाऊ, फार मागे. केळीची लागवड माणसानं पहिल्यांदा केली ती आग्नेय आशियात आणि न्यू गिनी बेटावर. न्यू गिनीत जुन्या शेतीच्या खुणा सापडल्या आहेत, त्यावरून तिथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वी केळी लावत असत असं अभ्यासक सांगतात. रानातल्या केळीत खड्यासारख्या कडक बिया असतात. माणसानं कमी बियांची झाडं निवडत निवडत बिनबियांचं केळ तयार केलं. म्हणून केळीचं बी पेरत नाहीत, बुंध्याजवळचा मुनवा काढून लावतात. आई आणि लेक एकाच बेटात, अशी ही झाडं.

आपल्या देशात केळ फार जुनं. संस्कृतात त्याला कदली म्हणतात, मोच म्हणतात. चरकसंहितेत दुधाबरोबर खाऊ नये अशा फळांची यादी आहे, तिच्यात मोच आहे. आणि आपण मराठी माणसं काय करतो? दूध, केळ, साखर घालून शिकरण करतो आणि पोळीबरोबर खातो! म्हणजे ग्रंथ एकीकडे आणि स्वयंपाकघर दुसरीकडे, हे आजचं नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं भारतातल्या एका झाडाबद्दल लिहून ठेवलं की त्याची फळं खाऊन तिथले ज्ञानी लोक राहतात. ते झाड केळीचंच असावं असं मानतात. पुढे अठराव्या शतकात झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं केळीच्या एका प्रकाराचं नाव ठेवलं 'मुसा सॅपिएंटम', म्हणजे ज्ञानी लोकांची केळी. नाव मोठं मिळालं. पण त्या ज्ञानी लोकांना रांधून घालणाऱ्या बायांनी केळी खाल्ली की नाही, हे कोणी लिहिलं नाही.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. वऱ्हाड म्हटलं की कापूस. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून पुढे नागपूरपर्यंत गेली. काळ्या जमिनीत कापूस वाढत गेला. खायला ज्वारी आणि तूर होती. पण १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा पिकं गेली, धान्य महागलं, आणि ज्या भागातून कापसाच्या गाठी भरून गाड्या जात होत्या त्याच भागात माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. शेतात पैशाचं पीक आहे म्हणून घरात पोटभर अन्न आहे असं होत नाही, हे वऱ्हाडाला तेव्हापासून माहीत आहे.

केळीला पाणी लागतं, भरपूर लागतं. कोरडवाहू कापूसवाल्याला ती परवडत नाही. म्हणून वऱ्हाडात केळी वाढली ती सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे विहिरींना पाणी होतं. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी, पथ्रोट, अचलपूरकडचा पट्टा. अकोला जिल्ह्यात अकोट, पणज, तेल्हारा, हिवरखेडकडचा पट्टा. या भागात पानमळे होते, पानपिंपरी होती, संत्र्याच्या बागा आल्या, आणि केळीही आली. आधी बसराई, श्रीमंती अशा जाती होत्या. १९९० नंतर टिश्यू कल्चरची रोपं आणि ठिबक आलं, आणि ग्रँड नैन ही जात पसरली. तिलाच आपण 'जी-नाईन' म्हणतो. आता रोपं एका वयाची, घड एका वेळी तयार, ट्रक बांधावर उभा.

आणि या बागेत बाई कुठे आहे? बुडाशी माती लावायला आहे, निंदायला आहे, वाळलेली पानं कापायला आहे, फण्या धुवायला आहे. मजुरी संपवून घरी जाताना ती केळी घेऊन जाते का? कधी बारीक, कधी डागी, व्यापाऱ्यानं बाजूला काढलेली. भाव पडला की घड शेतातच पिकून गळतो, गुरांपुढे टाकतात. भाव चढला की केळ आपल्या घरी परवडत नाही. दोन्ही वेळा लेकराच्या हातात केळ येईलच असं नाही.

अकोटहून किंवा अंजनगावहून उत्तरेला बघा. तो निळा डोंगर दिसतो तो सातपुडा, आणि त्याच्यावर मेळघाट. धारणी आणि चिखलदरा तालुके. कोरकू लोकांची वस्ती. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, म्हणजे आपली अंगणवाडी. अगदी सुरुवातीला निवडलेल्या मोजक्या ३३ प्रकल्पांमध्ये अमरावती जिल्ह्यातलं धारणी होतं. म्हणजे लेकरांच्या पोषणाची सरकारी वाट आपल्या जिल्ह्यात पहिल्या दिवसापासून आली. तरीही १९९३ च्या सुमाराला मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या साऱ्या देशानं वाचल्या. पायथ्याला केळीचे ट्रक भरत होते, आणि काही कोसांवर डोंगरात लेकरं कुपोषणानं खंगत होती. एकाच जिल्ह्यात.

पुढे राज्य सरकारनं आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर आईला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. २०१६ पासून त्यात लेकरं आली. सात महिने ते सहा वर्षांच्या लेकराला आठवड्यातून चार दिवस, म्हणजे महिन्यातून सोळा दिवस, एक अंडं. जे अंडं खात नाहीत त्यांना दोन केळी किंवा तिथलं स्थानिक फळ. मैत्रिणींनो, केळीच्या इतक्या मोठ्या इतिहासात ही ओळ मला महत्त्वाची वाटते. कारण इथे पहिल्यांदा कागदावर लिहिलं गेलं की हे केळ या लेकराचं आहे. देवाचं नाही, पाहुण्याचं नाही, बाजाराचं नाही.

शाळेतही असंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं ठरवलं की शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळ किंवा फळ. मग जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा पैसा थांबवला. लोकवर्गणीतून द्यायचं तर शाळांनी द्यावं असं सांगितलं. म्हणजे कागदावर आलेलं केळ कागदावरून जातंही. म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, दोन केळी म्हणजे एक अंडं का? चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर देण्याआधी अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. एकट्या केळावर सगळा भरवसा टाकला की काय होतं, ते त्यातून कळतं.

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे अशी लेकरं यायची की पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, सारखे जुलाब, वजन वाढत नाही. त्या आजाराला सिलिॲक म्हणतात. त्यात पुष्कळ लेकरं दगावत. हास यांनी या लेकरांना भाकरी-ब्रेड, बटाटे, धान्याचे पदार्थ बंद केले आणि रोज बरीच केळी खायला दिली. १९२४ मध्ये त्यांनी दहा लेकरांची हकिकत छापली. केळीच्या आहारावरची आठ बरी झाली. ज्यांना तो आहार मिळाला नाही ती दोन गेली. झालं! केळ हे औषध ठरलं. आया दुरून लेकरं घेऊन येऊ लागल्या. केळी विकणाऱ्यांनाही आनंद झाला.

पण नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला. सगळे खंगत असताना ही आजारी लेकरं मात्र सुधारली. ब्रेड परत मिळू लागला तशी ती परत आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपलं संशोधन मांडलं. या लेकरांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नव्हतं. म्हणजे अमेरिकेतली लेकरं बरी झाली होती ती गहू बंद केल्यामुळे. श्रेय मात्र केळाला मिळालं होतं. याचं नुकसानही झालं. केळीनं बरं वाटलं म्हणून पुढे परत गहू सुरू केलेल्यांचा आजार आतून चालूच राहिला.

हे ऐकून गहू बंद करू नका बरं. तो आजार थोड्यांनाच असतो आणि डॉक्टर तपासून सांगतात. गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: केळीनं त्या लेकरांना ताकद दिली हे खरं, पण जे काम केळीनं केलं नाही त्याचं श्रेय तिला दिलं तर खरं कारण झाकलं जातं.

आता आपला हिशोब करू. साल काढलेलं एक मध्यम केळ साधारण शंभर ग्रॅमचं धरा. त्यातून नव्वदएक कॅलरी मिळतात, म्हणजे कामाला लागणारी शक्ती. पोटॅशियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. ते स्नायूंना, हृदयाला, रक्तदाब नीट राहायला लागतं. बी-६ जीवनसत्त्व चांगलं असतं. अडीच ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, तो पोट साफ ठेवायला मदत करतो. धुवायला नको, शिजवायला नको, सालीच्या आत स्वच्छ. निंदायला जाताना पदरात बांधून नेता येतं. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला कुसकरून देता येतं. त्याआधी मात्र फक्त आईचं दूध.

आता केळीत काय नाही? प्रथिनं फार नाहीत, एका केळात जेमतेम एक ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणून दोन केळी शक्ती देण्यात अंड्याच्या पुढे आहेत, पण लेकराचं अंग भरण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांत फार मागे. मग अंडं न खाणाऱ्या घरानं काय करायचं? मूठभर शेंगदाणे घ्या, पंचवीसएक ग्रॅम. त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दोन केळी आणि शेंगदाण्याचं कूट, असं मिळून ताट भरतं. लहान लेकराला अख्खा शेंगदाणा देऊ नका, घशात अडकतो. बारीक कूट करून केळात कालवा.

दुसरं, रक्त. "केळ खाल्ल्यानं रक्त वाढतं" असं मी कितीदा ऐकलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांत रक्त कमी आढळलं. दोघींत एक. मोठ्या बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागतं. एका केळात असतं ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या केळावर लोह भागवायचं तर दिवसाला शंभरएक केळी खावी लागतील! रक्तासाठी पालेभाजी, डाळी, तीळ, ज्वारी-बाजरीची भाकर, खात असाल तर अंडी-मटण. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्याबरोबर चहा नको. आणि आशाताईनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या फडताळात ठेवू नका, खा.

बाळंतिणीचं काय? केळानं सर्दी होते, दूध थंड होतं, याला आधार नाही. बाळंतपणानंतर शक्ती लागते, शौचाला कडक होतं, अशा वेळी केळ उपयोगी आहे. जोडकेळ खाऊन जुळं होत नाही. नव्या सुनेला बिनधास्त द्या.

लेकराला जुलाब झाले तर केळ बंद करू नका. जुलाबात अंगातलं पोटॅशियम जातं, ते केळीतून मिळतं. ढाक्याच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की लांबलेल्या जुलाबात शिजवलेलं कच्चं केळ भाताबरोबर दिलं तर लेकरं लवकर सावरतात. पण ओआरएस आणि झिंकची गोळी आधी, केळ त्याच्या जोडीला.

जपायचं कोणी? मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून, अर्धं केळ, फार पिकलेलं नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम जड जाऊ शकतं, विचारल्याशिवाय खाऊ नका.

पिकवण्याचंही सांगते. आपल्या आज्या अंधाऱ्या खोलीत धूर देऊन घड पिकवत. त्या धुरात इथिलीन नावाचा वायू असतो, फळ पिकताना तोच स्वतः सोडतं. आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू मोजून देतात. तो चालतो. कॅल्शियम कार्बाईडची पुडी ठेवून फळ पिकवायला मात्र कायद्यानं बंदी आहे. घरी पिकवायचं तर कच्ची केळी एका पिकलेल्या फळाबरोबर डब्यात झाकून ठेवा.

मैत्रिणींनो, शेवटी परत पहिल्या प्रश्नाकडे येते. भाव पडतो तेव्हा आपल्या गटानं बागेतून सरळ केळी घ्यावी, सभासदांत वाटावी, कच्ची असतील तर काप करून वाळवून पीठ करावं. ते पीठ भाकरीत, लापशीत चालतं. आपल्यापैकी कोणी शाळेच्या व्यवस्थापन समितीत असेल तर बैठकीत विचारा: अंडं किंवा फळ आमच्या शाळेत मिळतं का, नसेल तर आपण काय करू शकतो? अमृत आहार लागू असलेल्या गावात अंगणवाडीत जाऊन बघा, केळी किती दिवस आली. ताईवर ओरडायला जाऊ नका, तिच्या बाजूनं उभं राहायला जा. तिला पैसे वेळेवर मिळाले का हेही विचारा.

आणि घरात? माझ्या आजीनं वाटणीत स्वतःला शेवटी ठेवलं. माझ्या आईनंही तेच केलं. मागच्या महिन्यात माझी सून सातव्या महिन्यात होती. घरात फणी आली तेव्हा मी पहिलं केळ तिच्या हातात दिलं, सोबत शेंगदाण्याचा लाडू. ती म्हणाली, "आई, आधी देवाला?" मी म्हटलं, "देव थांबते माय. पोटातलं थांबत नाही."

मग एक केळ मी पण खाल्लं. चांगलं, पिवळं धमक, घडाच्या वरच्या फणीचं.

तुम्हीही खा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा मी हाच प्रश्न परत विचारणार आहे. नमस्कार.